किंचित चढी रांग

शनिवारी सकाळी आमच्या डँडेनॉन्गच्या घरात दोन आवाज एकदम सुरू व्हायचे. स्वयंपाकघरात आई फुग्यांचं पीठ हाताने फेटायची, त्याचा थप थप असा ओला आवाज, आणि मागच्या शेडमध्ये पपा कानस चालवायचे, त्याचा कोरडा. फुगे म्हणजे आमच्या वसईकडचे तळलेले पावाचे गोळे, माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्यांच्या पिठाला खरी ताडी लागते. आता ऑस्ट्रेलियात ताडी कुठून आणायची? मग पपांच्या शुक्रवारच्या बिअरमधला शेवटचा घोट आई काढून ठेवायची. "अगं, शेवटचा घोट तरी माणसाला पिऊ दे," पपा म्हणायचे. "तुम्ही प्यायलात तर पोट फुगेल, मी ठेवला तर फुगे फुगतील, काय पाहिजे बोला," असं आई म्हणायची, आणि पपा बाटली तिच्या हातात द्यायचे. आज फॉस्टर स्ट्रीटवर गेलं की कोकम, सुके बोंबील, तिरफळं, म्हणाल ते मिळतं, मी तर कधी कधी नुसती वास घ्यायला जाते. तेव्हा हळद संपली की आई पोस्टमनच्या वाटेला डोळे लावून बसायची.

पपा वसईला असताना पेट्या दुरुस्त करायचे. घराच्या पडवीत त्यांचं सगळं दुकान. भाता फाटलेल्या, सूर बसलेल्या, उंदराने चामडं खाल्लेल्या, अशा पेट्या मुंबईहूनसुद्धा यायच्या. संगीत नाटकांच्या कंपन्यांचे पायाने हवा भरायचे ऑर्गन तर त्यांच्याशिवाय कोणाच्या हातात जायचे नाहीत. पपांचा कान असा होता की शेजारच्या घरात पातेलं पडलं तरी ते कुठल्या सुरात पडलं ते सांगायचे. इथे आल्यावर त्यांना मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. दिवसभर रबराची कडी हातात घ्यायची, फिरवून बघायची, खोक्यात टाकायची. कारखान्यात कोणाला पेटी माहीत नाही, सूर माहीत नाही. इंग्रजी म्हणाल तर पपांकडे येस, नो आणि सॉरी, त्यातलं सॉरी सगळ्यात जास्त वापरलेलं. त्यामुळे डॉक्टरकडे, बँकेत, शाळेत, सगळीकडे आमच्या घराचं तोंड म्हणजे मी. तेरा वर्षांची लूसी. पपा मराठीत दहा वाक्यं बोलायचे, मी इंग्रजीत दोन सांगायची, समोरचा गोरा पाच वाक्यं बोलायचा, मी पपांना एक सांगायची. कुठलं सांगायचं, कुठलं गाळायचं, ते सगळं माझ्या हातात. एवढी सत्ता मला नंतर आयुष्यात कधी मिळाली नाही, लग्नानंतर तर नाहीच.

कारखान्यातल्या एका गोष्टीचा पपांना फार राग यायचा. काही वाकडं झालं, कडी नीट बसली नाही, तर तिथली माणसं खांदे उडवून म्हणायची, "शी'ल बी राइट, मेट." म्हणजे होईल ठीक, सोड. रात्री जेवताना पपा ते तोंड वेडंवाकडं करून म्हणून दाखवायचे. "शी'ल बी राइट! अरे, आपोआप कशी होईल? पेटीचा सूर आपोआप लागतो का?" आम्ही दोघी हसायचो. पण मी नुसती हसत नव्हते. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की हे लोक आळशी, आणि माझे पपा तेवढे नेटके.

आता थिएटरकडे येते. आमच्या घरापासून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर एक जुनं सिनेमा थिएटर होतं. थिएटर कसलं, राजवाडाच. छताला निळा रंग आणि त्यात लुकलुकणारे दिवे, भिंतीवर प्लास्टरचे मोर, जिन्याला एवढे जाड लाल गालिचे की चप्पल रुतायची. एकदा दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. सिनेमाआधी पडद्यासमोरची जमीन उघडली आणि खालून एक पांढरं-सोनेरी मेज वर आलं, त्यावर बसलेली एक पांढऱ्या केसांची बाई ऑर्गन वाजवत होती. तीन मजली पट्ट्या, वर घोड्याच्या नालाच्या आकारात लावलेले रंगीत खटके. त्याला कन्सोल म्हणतात. आवाज मात्र तिथून येत नव्हता, तो दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमागून, भिंतीतून येत होता. माझ्या पायाखालची जमीन थरथरत होती. पपांनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. मूकपटांच्या काळात सगळं संगीत हाच ऑर्गन द्यायचा, घोड्यांच्या टापांपासून आगबंबाच्या घंटेपर्यंत, हे मला पुढे कळलं.

आणि तेवढ्यात एक सूर अडकला. बाईने हात उचलले तरी तो आपला वाजतोय, पीऽऽऽ करत. लोक हसायला लागले. बाईसुद्धा हसली. एक उंच म्हातारा बाजूच्या दाराकडे धावला. पपा खुर्चीवरून उठलेच. "चामडं गेलंय," ते म्हणाले, "आतलं चामडं फाटलंय, हवा अडत नाहीये. चल, लुसे." आई म्हणाली, "अहो, बसा, लोक बघतायत." पण पपा निघाले होते. त्या दारापाशी मी त्या म्हाताऱ्याला सांगितलं, "माझे बाबा म्हणतात, चामडं फाटलंय." म्हाताऱ्याने पपांकडे वरून खाली बघितलं, मग पपांच्या बोटांकडे बघितलं. बोटं ओळखू येतात. म्हणाला, "तू आतापर्यंत कुठे होतास, मेट?"

तो लेन. ट्रामच्या विजेचं काम करून निवृत्त झालेला. ऑर्गन वाजवणारी बाई म्हणजे डॉरीन, मूकपटांच्या शेवटच्या दिवसांत सोळाव्या वर्षी त्याच कन्सोलवर बसलेली. त्या दोघांनी आणि आणखी चार-पाच हौशी मंडळींनी तो ऑर्गन वाचवायचं ठरवलं होतं. त्या काळात असे राजवाडे एकेक करून पडत होते, आतले ऑर्गन भंगारात जात होते. दर शनिवारी ही मंडळी जमून चामडं बदलायची, वायरी लावायची, नळ्या पुसायची. पुढच्या शनिवारपासून आम्ही दोघं त्यांच्यात.

नळ्यांची खोली मी पहिल्यांदा बघितली तो वास अजून नाकात आहे. जुनं लाकूड, सरस, धूळ आणि उंदीर. शिडीने वर चढायचं, छोट्या दारातून आत शिरायचं, की समोर शेकडो नळ्या उभ्या, रांगेने. काही माझ्या करंगळीएवढ्या, काही दोन पुरुष उंचीच्या. एका रांगेत एका जातीच्या आवाजाचे सगळे सूर, खालपासून वरपर्यंत. बासरीसारखी एक रांग, तुतारीसारखी एक, आणि भिंतीला लागून व्हायोलिनसारख्या बारीक आवाजाच्या दोन रांगा. पपा त्या खोलीत पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांनी क्रॉस केला. मग हळूच म्हणाले, "एवढी मोठी पेटी कोणी केली असेल गं?"

सुरात लावायचं काम दोघांचं असतं. एकजण वर नळ्यांत, एकजण खाली कन्सोलवर. खालचा एकेक पट्टी दाबून धरतो, वरचा त्या नळीच्या डोक्यावरची पत्र्याची कडी हलक्या हाताने ठोकून वर-खाली सरकवतो. सूर लागला की वरून आरोळी येते, "नेक्स्ट!" आणि खालचा पुढची पट्टी धरतो. पपा "नेक्स्ट" नाही म्हणायचे, "पुढे!" म्हणायचे. महिन्याभरात लेनसुद्धा "पुडे!" ओरडायला लागला. पट्ट्या धरायचं काम माझं. ते करताना बोलायचं नाही, दार उघडायचं नाही, नळीला हात लावायचा नाही, कारण हाताच्या उबेनेसुद्धा सूर चढतो. हाताने लागलेली ऊब, दारातून आलेला वारा, सगळं कळतं त्या नळ्यांना. पपा घरी जेवढे गप्प असायचे तेवढेच तिथे बोलके झाले, मराठीत, आणि नळ्यांशी. "ये, बाय, इकडे ये. किती उतरलीस. कोणी लक्ष दिलं नाही ना तुझ्याकडे?" खाली रिकाम्या खुर्च्यांच्या समुद्रात मी एकटी, पट्टीवर बोट, आणि भिंतीतून माझ्या पपांचा लाडाचा आवाज.

असं पावणेदोन वर्षं चाललं. मग एका रविवारी दुपारी दोन वाजता दुरुस्त ऑर्गनचा पहिला खेळ ठरला. ऑर्गनचा कार्यक्रम आणि नंतर एक मूकपट. लेनने पत्रिका छापून आणली. त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, नळ्या सुरात लावणारे, आणि पुढे पपांचं नाव. ह्या देशात पगाराच्या पाकिटाशिवाय पपांचं नाव कुठे छापून आलेलं नव्हतं. ती पत्रिका त्यांनी आईला दाखवली, मला दाखवली, शेजारच्या इटालियन म्हाताऱ्याला कुंपणावरून दाखवली, आणि मग कामावरच्या शर्टाच्या खिशात ठेवली. कारखान्यात दाखवली का, मी विचारलं नाही. खिशातून काढून काढून घड्या फाटायला आल्या होत्या, त्यावरून काय ते समजा.

खेळाच्या आदल्या शनिवारी लेनला बहिणीकडे जायचं होतं. निघायच्या घाईत त्याने मला कन्सोलपाशी गाठलं आणि पपांसाठी निरोप सांगायला सुरुवात केली. तुतारीच्या रांगेतली तिसरी नळी बघ म्हणावं, बासरीचे वरचे सूर बघ म्हणावं. आणि टोपी घालता घालता म्हणाला, "ती भिंतीजवळची शेवटची रांग किंचित चढी आहे. तिला राहू दे. शी'ल बी राइट." आणि गेला.

मी निरोप सांगितला. तुतारी सांगितली, बासरी सांगितली. भिंतीजवळची रांग सांगितली नाही. विसरले नव्हते, हे आज ह्या वयात लिहायला हरकत नाही. मला वाटलं, बघा, हे ह्यांचं असं. रांग चढी आहे हे माहीत आहे, आणि म्हणे राहू दे, होईल ठीक! पावणेदोन वर्षं राबून शेवटच्या रांगेला आळस! आणि पत्रिकेत नाव कोणाचं? माझ्या पपांचं. तेव्हा निरोपातला तेवढा तुकडा मी गाळला. एवढे दिवस गाळत होते, आणखी एक.

तीनच्या सुमाराला वरून हाक आली. "लुसे, ही शेवटची रांग पार चढलीय गं. एक न् एक नळी. लेन काही बोलला का हिच्याबद्दल?"

"नाही," मी म्हटलं.

"मग घेऊ या. किती वेळ लागायचा तो लागू दे."

दोन तास लागले. एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर नळ्या. मी पट्टी धरून बोटं दुखवून घेतली, पपांनी एकेक कडी ठोकून प्रत्येक नळी शेजारच्या रांगेशी अशी जुळवली की दोन नळ्या एकदम वाजवल्या तर एकच वाटावी. केसाएवढी फट नाही. खाली उतरले तेव्हा मिशीवर पांढरी धूळ होती. ट्रेनमध्ये मला म्हणाले, "वसईत असतो तर पेपरात आलं असतं." मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले.

रविवारी चर्चमध्ये सातचा मास करून आम्ही दोघं नऊला थिएटरात हजर. आई फुगे आणि चिकन घेऊन मागून येणार होती. डॉरीन कन्सोलवर बसून हात मोकळे करत होती. लेन तिच्याजवळ उभा होता. पपा मुद्दाम पहिल्या रांगेत बसले, टाय लावून, कौतुक ऐकायच्या तयारीत. ते मला अजून दिसतात तसे, टोकावर बसलेले.

डॉरीनने तुतारी वाजवली, मान डोलावली. बासरी वाजवली, पपांना हात केला. मग व्हायोलिनचे दोन खटके एकत्र दाबले, एक सावकाश सूर धरला आणि थांबली. पुन्हा धरला. खटके वर-खाली केले. मग लेनकडे वळून विचारलं, "माझी सिलेस्ट कुठे गेली?"

आता हे सिलेस्ट प्रकरण समजावून सांगते, कारण सगळं त्यातच आहे. त्या दोन बारीक आवाजाच्या रांगा असतात ना, त्यातली एक बरोबर सुरात लावायची आणि दुसरी मुद्दाम किंचित चढी ठेवायची. दोन्ही एकदम वाजल्या की त्या एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्यातून एक लहर उठते. आवाज श्वास घेतोय असं वाटतं. सिनेमात नायिका खिडकीत उभी राहिली की ऑर्गनवाला तेच वाजवायचा आणि अख्खं थिएटर रुमाल काढायचं. आम्ही ती लहर काल दोन तास खपून पुसून टाकली होती.

लेनने माझ्याकडे बघितलं. "लूसी, तू बाबांना सांगितलं नाहीस? शेवटच्या रांगेचं?"

एवढं इंग्रजी पपांना कळत होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं तोंड वाचायला त्यांना कुठली भाषा लागत नव्हती. ते उठले, टाय सारखा केला आणि लेनला म्हणाले, "शी टेल मी. आय फरगेट. सॉरी, लेन. माय मिस्टेक."

मी गालिच्याकडे बघत राहिले. लेन म्हणाला, ठीक आहे, पुन्हा चढी करू. पण किती चढी? ते कोणालाच माहीत नव्हतं. पपांनी काल नुसतं उतरवलं होतं, किती ते मोजलं नव्हतं. ती लहर ज्या माणसाने लावली होती तो थिएटर बांधलं तेव्हाचा, कधीच वारलेला. त्याने कुठे लिहून ठेवलं नव्हतं, कानाने लावलं होतं. फार चढवली तर बेसूर, कमी चढवली तर लहरच नाही. डॉरीन खटके एकेक करून बंद करत राहिली, आणि ते मला रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. पपांनी खिशातून पत्रिका काढली, बघितली, परत ठेवली.

आणि अशा वेळी आई आली. हातात दोन मोठे डबे, अंगावर ठेवणीतली साडी, त्यावर कोट. तिने आल्या आल्या विचारलं, "काय झालं? कोण मेलं?"

पपा म्हणाले, "काही नाही. मी चूक केली. लेनने सांगितलेलं विसरलो."

"तुम्ही? सुराचं सांगितलेलं तुम्ही विसरलात?" आईने डबे खुर्चीवर ठेवले. "बाजाराची यादी विसराल, माझा वाढदिवस दोनदा विसरलात, पण हे? लुसे, इकडे बघ."

मी बघितलं नाही.

"इकडे बघ म्हणते ना! काय गाळलंस?"

आईला सगळं माहीत असायचं, हे लक्षात ठेवा. मग मी रडत रडत सगळं सांगितलं, मराठीत, आणि त्या रिकाम्या थिएटरात माझा हुंदका न् हुंदका मोरांना आपटून परत यायला लागला. पपा म्हणाले, "पोरीला काही बोलू नकोस, मी माझ्यावर घेतलंय." आई म्हणाली, "घ्यायचं कारणच काय? त्या छापलेल्या कागदावर नाव तुमचं आहे. ते तिच्या लबाडीसाठी खराब करणार?" पपा म्हणाले, "हळू बोल." आई म्हणाली, "का? त्यांना कुठे कळतंय?" लेन आणि डॉरीन शेजारी शेजारी बसून आमच्याकडे बघत होते, तिकीट काढून आल्यासारखे.

"आत्ताच्या आत्ता सांग त्यांना," आई म्हणाली. "आणि ह्या वेळी एक शब्द गाळायचा नाही."

मी लेनसमोर उभी राहिले आणि सांगितलं, की मी निरोप दिलाच नाही. पपा विसरले नाहीत, त्यांना माहीतच नव्हतं.

"पण का, लव्ह?" लेनने विचारलं.

एक शब्द गाळायचा नाही, असं आई म्हणाली होती. "कारण मला वाटलं, तू आळस करतोयस," मी म्हटलं.

मग डॉरीन हसायला लागली. आधी नाकातून, मग पुढे वाकून, मग कन्सोलवर डोकं टेकून, आणि तिच्या कोपराखाली पाच-सहा पट्ट्या दाबल्या गेल्या आणि अख्खं थिएटर भोंऽऽ करून ओरडलं. लेनचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "तिचं काही चुकलं नाही. शी'ल बी राइट म्हणणाऱ्या माणसाचा भरवसा कोणी का धरावा? का ते सांगायला हवं होतं मी." आणि पपांकडे वळून हात पुढे केला. पपांनी तो दोन्ही हातांत धरला.

पण लहर अजून गेलेलीच होती, आणि दहा वाजून गेले होते. मी आईला ते चढ्या रांगेचं समजावलं. आईला संगीतातलं काही कळत नाही असं पपांचं मत. ती ऐकून म्हणाली, "ह्यात काय एवढं? मांडवात आम्ही बायका गातो तेव्हा सगळ्यांचे गळे एक असतात का? मोठीचा थोडा खाली, धाकटीचा थोडा वर. म्हणून तर मांडव भरतो. एकीनेच गायलं तर भरेल का?"

पपा तिच्याकडे बघत राहिले. वीस वर्षांच्या संसारात ही बाई पहिल्यांदाच सुराचं काही बोलली असं त्यांचं तोंड झालं. "गा," ते म्हणाले.

"काय?"

"मांडवातलं गा. लुसे, तू पण आईबरोबर. तिच्या सुरात जायचा प्रयत्न करू नकोस, तुझं येईल तसं गा."

"अहो, ह्या लोकांसमोर?"

"ह्या लोकांना कुठे कळतंय," पपा म्हणाले.

आणि आम्ही गायलो. हळदीचं गाणं, पडद्यासमोर, कोट घातलेली आई आणि नाक लाल झालेली मी. पहिल्या दोन ओळी लाजत, मग आई विसरलीच कुठे आहे ते. शेवटच्या शब्दावर तिने सूर लांबवला, मीही लांबवला, आणि पपांनी डोळे मिटून बोटाने हवेत मोजायला सुरुवात केली, आमच्या दोघींच्या आवाजांमध्ये जे हलत होतं ते. "पुन्हा." पुन्हा गायलो. "पुन्हा." पाचव्यांदा त्यांनी डोळे उघडले. "एवढंच अंतर," म्हणाले आणि शिडी चढले.

साडेबारापर्यंत मी पट्ट्या धरल्या. वरून नुसतं "पुढे... पुढे..." लेन खाली उभा राहून फुगे खात होता, पाचवा की सहावा. शेवटची नळी झाल्यावर डॉरीनने ते दोन खटके दाबले आणि सावकाश सूर धरला. ती लहर भिंतीतून आली. डॉरीन वाजवता वाजवता म्हणाली, की ही पूर्वीची नाही, थोडी वेगळी आहे. पपा शिडीवर थबकले. "वाईट नाही म्हणत मी," ती म्हणाली, "ही गातेय." मी पपांना ते शब्दाला शब्द सांगितलं.

दोन वाजता थिएटर भरलं. मूकपटात नायिका खिडकीत आली, डॉरीनने ते खटके दाबले आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकाच वेळी पर्स उघडल्या. आईने माझ्या कानात विचारलं, "ह्यातली मी कुठली आणि तू कुठली?" मी म्हटलं, "तू बरोबर आहेस, मी चढी." "ते मला माहीतच आहे," आई म्हणाली.

त्या कामात एक रीत आहे. नळ्यांच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला काम करणारे पेन्सिलीने काहीबाही लिहून जातात, नाव, गाव, आज फार उकडतंय, असलं काहीही. पुढच्या शनिवारी पपांनी तिथे मराठीत लिहिलं. आई म्हणाली, "अहो, इंग्रजीत लिहवून घ्या लूसीकडून. इथे मराठी कोण वाचणार?" पपा म्हणाले, "येईल कोणीतरी." तरी लेनने मला खाली इंग्रजी लिहायला लावलं, काय लिहायचं ते त्यानेच सांगितलं.

पपा गेले, लेन गेला, डॉरीन नव्वद पार करून गेली. आई गेली तेव्हा फुग्यांची कढई मी घेतली. मी अजून त्या मंडळींबरोबर बसने जुनी थिएटरं बघत हिंडते, ॲडलेडला जाते, सिडनीला जाते, गुडघे कुरकुरले तरी बाल्कनीपर्यंत चढते. माझी नात म्हणते, "आजी, यू आर ऑब्सेस्ड." असू दे. आमच्या थिएटरात मात्र मी आता फक्त खाली बसून पट्ट्या धरते, शिडी तरुणांसाठी. तरुण म्हणजे चाळिशीच्या आतले. त्यांत गेल्या वर्षी अनिकेत म्हणून एक आला, पुण्याचा, आयटीतला, हातात फोन, फोनमध्ये सूर मोजायचं ॲप. मी मराठी आहे हे त्याला माहीत होतं, पण पपांबद्दल मी अजून काही बोलले नव्हते. पहिल्याच शनिवारी तो वर गेला. थोड्या वेळाने वरून ओरडला, "लूसी मावशी, ही शेवटची रँक टोटल शार्प आहे! ॲप लाल दाखवतंय. घेऊ का ही पण?"

मी तोंड उघडलं, सांगायला. पण मग वर काहीतरी हललं, बहुतेक तो दार लोटून घ्यायला वळला असावा.

"मावशी," तो म्हणाला, वेगळ्याच आवाजात. "इथे मराठीत लिहिलंय."

"मोठ्याने वाच," मी म्हटलं. माझं बोट पट्टीवर होतं, ते मी उचललं नाही.

"'ही रांग चढी आहे ती तशीच असू द्यावी. दोन बायका गातात तेवढे अंतर. फ्रान्सिस पेटीवाला, वसई.'" तो थांबला. "आणि खाली इंग्लिशमध्ये कोणीतरी शाळकरी मुलीच्या अक्षरात लिहिलंय, 'लीव्ह हर. शी'ल बी राइट.' मावशी, म्हणजे हात लावायचा नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "पुढे!"